आठही दिवे लागलेली वायर

मित्रांनो, आधीच सांगते, मी दमले आहे. तेव्हा बोलता बोलता मधेच थांबले तर वाईट वाटून घेऊ नका. जिन्याखालच्या कपाटात, मोडकी छत्री आणि जुनी इस्त्री यांच्या मधे, खिळ्याला एक करडं वेटोळं टांगलेलं आहे. ती मी. राउटरपासून संगणकापर्यंत नेटचे निरोप वाहणारी एक जुनी वायर. माझ्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी आहे. तिच्यावर काय लिहिलंय ते शेवटी सांगेन, कारण ते कळायला आधीचं सगळं ऐकावं लागेल.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या पोटात तांब्याच्या आठ बारीक तारा आहेत. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीच्या जोडीला त्याच रंगाचा पट्टा असलेली एक पांढरी. कारखान्यात या दोघीदोघींना एकमेकींभोवती पिळतात आणि वरून करडं आवरण चढवतात. हा पीळ शोभेचा नसतो. तारेतून निरोप धावत असताना शेजारच्या तारांचा गोंगाट आत घुसतो. पिळलेल्या दोघी मिळून तो गोंगाट मिटवून टाकतात, एकटीला ते जमत नाही. म्हणून जो निरोप ज्या जोडीचा, तो त्याच दोघींनी वाहायचा. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

दुकानातल्या मोठ्या खोक्यात मी बरेच दिवस झोपून होते. खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातला विसाव्याचा तेवढाच काळ. मग एक दिवस एक म्हातारे गृहस्थ आले. उंच, किंचित वाकलेले, खिशाला कातडी पाकिटात खोचलेली पक्कड. गल्लीत सगळे त्यांना लाइनमनकाका म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी खांबांवर चढून टेलिफोनच्या तारा जोडल्या होत्या, आणि त्यांनी जोडलेली तार पुन्हा उघडावी लागली नाही, अशी त्यांची ख्याती होती. ही ख्याती तुम्ही विचारलं नाहीत तरी ते सांगत.

दुकानदाराने मला तीस मीटरवर कापलं आणि म्हणाला, "काका, टोकांना कनेक्टर बसवून देऊ का?"

"मला?" काका हसले. "अरे, तू रांगत होतास तेव्हापासून तारा जोडतोय मी."

"तसं नाही हो, यात रंगांचा क्रम जरा वेगळा असतो." दुकानदाराने एक छापील चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर आठ रंगीत रेघा ओळीने काढलेल्या होत्या. काकांनी ती न बघता घडी करून खिशात घातली. दुकानदाराचं मन मोडू नये एवढ्याचसाठी घेतली म्हणा ना.

घरात काका आणि त्यांची मुलगी, दोघंच. काकू गेल्यापासून मुलगी नोकरीचं गाव सोडून वडिलांकडे राहायला आली होती. ती ऐकू न येणाऱ्या मुलांची शिक्षिका. मुलं तिला बाई म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणते. शाळा दूरच्या शहरात आणि ही सात मुलं सात वेगवेगळ्या गावांत. बाई माडीवरच्या मागच्या खोलीत संगणकासमोर बसून त्यांना शिकवत. ही मुलं हातांची भाषा बोलतात. बोटांचा आकार, हाताची हालचाल, चेहऱ्यावरचा भाव, सगळं दिसलं तर शब्द पुरा होतो. चित्र अर्ध्यात अडकलं की शब्दही अर्धाच राहतो. आपल्याला ऐकू येतं, त्यामुळे चित्र थांबलं तरी आवाजावर निभावून नेता येतं. त्यांना ती सोय नाही.

राउटर होता खाली, दाराशी. भिंती अशा जाड, की बिनतारी नेट तिसऱ्या पायरीपर्यंत यायचं आणि तिथे मान टाकायचं. म्हणून मला आणलं होतं.

त्या दिवशी काका सकाळपासून खुशीत होते. मला जिन्याच्या कडेने वर नेलं, दर हातभर अंतरावर खिळा ठोकला. काम सुरेख होतं, नावं ठेवायला जागा नव्हती. मग माडीवर जमिनीवर मांडी घालून त्यांनी माझं टोक सोललं. आठ तारा पंख्यासारख्या पसरल्या. बाईंना हाक मारून म्हणाले, "बघून ठेव. तारेच्या कामात एकच गोष्ट सांभाळायची. जोडी फोडायची नाही. मी चाळीस वर्षांत एकदाही फोडली नाही."

आणि त्यांनी कनेक्टरच्या आठ खाचांत जोड्या शेजारी शेजारी बसवल्या. नारिंगीच्या दोघी, हिरवीच्या दोघी, निळीच्या दोघी, तपकिरीच्या दोघी. दिसायला कसं टापटीप! पण मित्रांनो, राउटरची रीत टेलिफोनसारखी नाही. तो एक निरोप तिसऱ्या आणि सहाव्या खाचेतून मिळून पाठवतो. त्या दोन खाचांत एकाच जोडीच्या तारा लागतात. म्हणजे हिरवीच्या दोघींनी लांब बसायचं आणि निळीच्या दोघींना मधे घ्यायचं. बघणाऱ्याला वाटतं जोडी फोडली, खरं तर तशानेच ती टिकते. काकांनी जोडी शेजारी बसवली आणि नेमकी फोडली. आता तिसऱ्या खाचेत हिरवीची तार होती आणि सहावीत निळीची. दोघींची ओळख ना पाळख, आणि एकाच निरोपाला जुंपलेल्या. मला तेव्हाच कळलं. पण मला तोंड कुठे होतं?

दोन्ही टोकं दाबून झाल्यावर काकांनी तपासणीची डबी लावली. तिच्यावर आठ हिरवे दिवे असतात. एक, दोन, तीन करत आठही लागले. "बघ!" काका म्हणाले. "पहिल्या फटक्यात आठही दिवे!" बाईंनी टाळ्या वाजवल्या. ती डबी बिचारी प्रत्येक तारेला एवढंच विचारते, की पोचलीस का? कोणाबरोबर पोचलीस, हे तिला विचारता येत नाही. काकांनी माझ्या दोन्ही टोकांना मेण लावलेला काळा दोरा गुंडाळून गाठ मारली. ही त्यांची खूण, खांबावरच्या प्रत्येक कामाला असायची. टेबलाचा एक पाय आखूड होता. खिशातली ती दुकानदाराची चिठ्ठी त्यांनी आणखी दोनदा दुमडली आणि त्या पायाखाली सरकवून दिली.

त्या पायापासून मी चार बोटांवर होते. दोन वर्षं.

ती दोन वर्षं कशी काढली ते माझं मला ठाऊक. साधी पत्रं, एखादा फोटो असलं काही असलं तर मी निभावून न्यायची. पण बाईंचा वर्ग सुरू झाला, सात मुलांची हलती चित्रं एकदम धावायला लागली, की माझ्या पोटात नुसता गलका. इकडचा निरोप तिकडे सांडायचा. राउटर म्हणायचा, पुन्हा पाठव. मी पुन्हा पाठवायची. पुन्हा सांडायचा. एकेक निरोप चार-चार वेळा वाहून माझ्या नाकी नऊ यायचे, आणि तरी वर चित्र थिजलेलंच.

त्या सात मुलांत एक मुलगी होती, दोन वेण्यांची. बाकीची मुलं चित्र अडकलं की खिडकीबाहेर बघायची, एकमेकांना वाकुल्या दाखवायची. ही मात्र आपले हात उचलून, बोटं अर्धवट उघडी धरून तशीच थांबायची. बाईंचा शब्द पुढे येईल तेव्हा आपला तयार असावा म्हणून. कधी कधी तो शब्द यायचाच नाही. मग ती सावकाश हात खाली घ्यायची. ते थकलेले हात माझ्यातूनच वर जायचे, मित्रांनो. मी ते विसरलेले नाही.

खापर अर्थातच माझ्यावर. "ही वायर म्हणजे शुद्ध डोकेदुखी आहे," असं बाई रोज म्हणत. मला उपटायचं, फुंकर मारायची, पुन्हा खोचायचं. खुर्चीचं चाक अंगावरून जायचं. दारात चिमटायची. केरसुणीने मला कितीदा फरफटत नेलं त्याला गणती नाही. नेटच्या कंपनीची माणसं दोनदा आली, डबी लावली, आठ दिवे बघितले आणि राउटर बदलून गेली. आठ दिवे दिसले की पुढचं कोणी बघत नाही. आणि काका? ते म्हणत, "जोडकामात काही नाही. जोडकाम माझं आहे." वडिलांच्या हातावर संशय घ्यायचा, हे बाईंच्या मनातही येत नव्हतं.

एका शुक्रवारी शाळेच्या मुख्याध्यापिका पडद्यावर आल्या. त्या माणसाला तोडून बोलणाऱ्या नव्हत्या, पण त्या दिवशी आवाज कोरडा होता. "दोन वर्षं मी थांबले. मुलांचं नुकसान होतंय. सोमवारी दहाच्या वर्गाला मी स्वतः बसेन. तोही असाच अडकला, तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही इथे शाळेत येऊन शिकवा. इथली लाइन चांगली आहे. येणं जमणार नसेल तर वर्ग दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागेल."

संध्याकाळी जेवताना बाईंनी वडिलांना सांगितलं. काका घास चावत राहिले. "मग जा की," ते म्हणाले. "मी काय कुकुलं बाळ आहे?"

"तुम्हाला जिना चढताना धाप लागते. गोळ्यांचे रंग ओळखता येत नाहीत. परवा सकाळची रात्री घेतलीत."

"एकदा झालं असेल."

"तीनदा, बाबा."

काका पानावरून उठले. बाईंनी माडीवर येऊन फळीवरची पुस्तकं उतरवायला सुरुवात केली. दोन खोकी भरली आणि तिसऱ्याशी नुसत्याच बसून राहिल्या. हात होते सात मुलांसाठी, आणि पाय अडकले होते या म्हाताऱ्यात. मला एवढं वाईट वाटलं, की मी खरंच तुटून गेले असते तर बरं, असं वाटलं.

शनिवारी कंपनीने शेवटचा उपाय म्हणून एक नेटवाली पाठवली. वय तिशीचं, पाठीवर पिशवी, तोंडात पेन. ही मात्र निराळी निघाली. तिने खाली राउटरला आपला संगणक लावला, नेट सुसाट. वर येऊन माझ्या टोकाला लावला, रडतखडत. मग डबीबिबी काही काढलीच नाही. माझं टोक खिडकीच्या उजेडात धरलं, कनेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकमधून रंग बघितले आणि "अच्छा," एवढंच म्हणाली.

बाई खाली चहा टाकायला गेल्या होत्या. खोलीत काका आणि ती.

"काका, ही टोकं कोणी बसवली?"

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "का? काय झालं?"

"क्रम चुकलाय. दिवे आठही लागतात, पण तिसरी आणि सहावी एका जोडीतली नाही. एवढ्या लांबीवर चित्र टिकणार कसं? वायर एकदम चांगली आहे हो. नुसती टोकं बदलायची."

"दुकानदाराने बसवून दिली," काका म्हणाले.

मित्रांनो, चाळीस वर्षं सरळ वागलेला माणूस माझ्यासमोर उभा राहून धडधडीत खोटं बोलत होता. त्या नेटवालीने दोऱ्याच्या गाठीवरून अंगठा फिरवला. तसा दोरा दुकानदार बांधत नाहीत, हे तिला कळलं असणार. "असेल, दुकानदाराचं चुकलं असेल," ती हळूच म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे. करून देऊ?"

"नको. नवीच वायर आणतो उद्या."

तिने पिशवीतून चार नवे कनेक्टर काढून टेबलावर ठेवले. "लागले तर असू देत. रंगांचा कागद कुठेही मिळेल." जिन्यात बाईंच्या हातचा चहा उभ्यानेच पिऊन ती पुढच्या तक्रारीला निघून गेली.

"काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

"वायर खराब निघाली," काका म्हणाले. "टाकून देऊ. उद्या नवी आणतो."

ती रात्र मी गुमान पडून काढली. दोन वर्षं ओझी वाहिली, शिव्या खाल्ल्या, आणि वर खराबीचा शिक्का घेऊन कचऱ्यात. पण माझं सोडा. नवी वायर आणून काका तिला कोणत्या क्रमाने बसवणार होते? त्याच. जोड्या शेजारी शेजारी. त्या नेटवालीचं म्हणणं काकांना अजून मनातून पटलंच नव्हतं. म्हणजे सोमवारी पुन्हा तेच, आणि बाई दूर शहरात. हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी काका दुकानावरून रिकाम्या हाताने परत आले. रविवारचं दुकान बंद असतं, हेही ते विसरले होते. जिना चढून माडीवर आले, धाप लागली म्हणून टेबलाशी जमिनीवरच बसले. बाई खाली कपडे वाळत घालत होत्या. काकांची नजर टेबलाच्या पायाखाली गेली. मग टेबल खांद्याने उचलून त्यांनी ती चिठ्ठी ओढून काढली.

घडीवर घडी, मधोमध पायाचा चौकोनी ठसा. पण रंग शाबूत होते. काकांनी भिंग काढलं. रेघांखाली रंगांची नावं छापलेली होती, ती एकेक करून वाचली. पहिली, दुसरी, तिसरी बरोबर. चौथीला निळी... त्यांनी भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. मग भिंग मांडीवर ठेवून भिंतीला डोकं टेकलं.

शेवटी त्यांनी पक्कड काढली आणि माझं टोक, दोऱ्याच्या गाठीसकट, कापून टाकलं. मला दुखलं नाही. आवरण सोललं, आठ तारा पसरल्या आणि काका थांबले. हिरवी कोणती आणि निळी कोणती, हे त्यांना दिसत नव्हतं. उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले, भिंग लावलं. गोळ्यांचे रंग ज्या डोळ्यांना कळत नाहीत, त्यांना तारांचे कसे कळणार?

आता हाक मारायची तर सगळं सांगावं लागणार. नाही मारली तर अंदाजाने बसवायचं. काका इतका वेळ बसून राहिले, की मला वाटलं, झालं, अंदाजानेच बसवणार.

"पोरी," त्यांनी हाक मारली. "जरा वर ये."

बाई ओल्या हातांनी वर आल्या. "काय हो? आणि ही कापली कशाला?"

"वायर चांगली आहे," काका म्हणाले. मान खालीच. "टोकं मीच चुकीची बसवली होती. दोन वर्षं. काल ती नेटवाली सांगत होती, तर मी दुकानदाराचं नाव घेतलं. हा कागद त्याने दिला होता. मी टेबलाखाली घातला."

बाईंनी चिठ्ठी घेतली, बघितली. "दोन वर्षं?" त्या म्हणाल्या. "बाबा, ती पोरं तिथे हात धरून बसायची. मी त्यांना सांगायची, बाईंच्या घरचं नेट वाईट आहे. मी खोकी भरली!"

"हो."

"नुसतं हो?"

"दुसरं काय म्हणू? चुकलं माझं."

बाई खिडकीशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. राग खरा होता, आणि तो असायलाच हवा होता. मग त्या आल्या, वडिलांशेजारी जमिनीवर बसल्या आणि डोळे पुसून, अजून रागातच, म्हणाल्या, "धरा नीट. रंग मी सांगते. पहिली पांढरी-नारिंगी."

"ही?"

"ही. मग नारिंगी. मग पांढरी-हिरवी. आता निळी... नाही, ती हिरवी. तिच्या शेजारची."

"म्हणजे हिरवीच्या मधे निळी घालायची?" काकांनी विचारलं. "जोडी फोडून?"

"कागदावर तसंच आहे, बाबा."

"बरं," काका म्हणाले. चाळीस वर्षं तारा जोडलेल्या माणसाने एवढं एक "बरं" म्हणायला काय लागलं असेल, ते मी जवळून बघितलं. खालच्या टोकासाठी दोघं जिना उतरले, काका एका हाताने कठडा धरून आणि दुसरा बाईंच्या खांद्यावर. तिथे काकांची बोटं फारच कापायला लागली, तेव्हा बाईंनी तारा बसवल्या आणि काकांनी नुसती पक्कड दाबली. टक्. तो आवाज आला आणि माझ्या पोटातला दोन वर्षांचा गलका एकदम बंद झाला.

सोमवारी दहा वाजता मुख्याध्यापिका बसल्या. सात मुलं बसली. बाईंनी हात उचलले. दोन वेण्यांच्या मुलीने सवयीने आपले हात उचलून धरले, थांबायच्या तयारीने. पण थांबावंच लागलं नाही. बाईंचा शब्द पुरा झाला आणि तिने उत्तर दिलं. बाईंनी पुन्हा काही म्हटलं, तिने पुन्हा उत्तर दिलं. मग तिने आपल्याच हातांकडे बघितलं आणि इतकी हसली, की बाईंना पुढचं शिकवायला जरा वेळ लागला. काका दाराआड उभे होते. टेबल डुगडुगत होतं, कारण पायाखाली आता काही नव्हतं. तासाभराने मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तिथूनच चालू ठेवा." बाईंनी पुस्तकांची खोकी उघडली. वडिलांशी मात्र त्या पुढचे चार दिवस मोजकंच बोलल्या. ते मला पटलं.

त्यानंतर मी पाच वर्षं काम केलं. पुढे काचेच्या तंतूची नवी लाइन थेट माडीवर आली आणि माझी गरज संपली. नव्याबद्दल माझी तक्रार नाही. खरं सांगू, सुटले. वय झालं की विश्रांती ही शिक्षा वाटत नाही. काकांनी मला एकेक खिळा काढत भिंतीवरून सोडवलं, वेटोळं केलं आणि काळ्या दोऱ्याने ही चिठ्ठी बांधली. पुढच्या वर्षी काका गेले. आता कपाट आवरताना बाईंच्या हातात कधी मी येते. त्या चिठ्ठी वाचतात आणि मला परत खिळ्याला अडकवतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी वस्तू चालेना, तर तिला उपटण्याआधी, आदळण्याआधी, फेकण्याआधी तिची टोकं उजेडात धरून बघा. ती जोडली कोणी, तेही विचारा. आणि उत्तर तुमचंच नाव निघालं, तर तोंडाने म्हणा. माझ्यासारख्या मुक्या वस्तूंना दुसरा वकील नसतो.

चिठ्ठी तीच आहे, टेबलाच्या पायाखालची, आठ रंगांची. मागच्या कोऱ्या बाजूला वाकड्या, मोठ्या अक्षरांत काकांनी लिहिलंय: "वायर चांगली आहे. चूक माझी होती. टाकू नये."